गाव टेकडीवर नेण्याची तालीम

रेल्वेत मालबाबू म्हणून उभी नोकरी झाली, पण माणसांशी आपला कधी संबंधच आला नाही, हे मला पेन्शनीत आल्यावर कळलं. गोंदियाच्या मालधक्क्यावर मी तांदळाची पोती हलवली, बिडीपत्त्याचे गठ्ठे हलवले, सागाची लाकडं हलवली. पोतं जिथं ठेवा तिथं राहतं. मालगाडीच्या वाघिणीत, म्हणजे डब्यात, चढवलं की चढतं. 'तुम्ही व्हा पुढे, मी आलोच' असं एक पोतं दुसऱ्या पोत्याला म्हणत नाही. पण गावाला वाटलं, रेल्वेतला माणूस आहे, याला गर्दी हलवता येत असणार. आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं.

आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्याची ही गोष्ट. आमचं गाव नागऱ्याच्या पलीकडे, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली. तलाव जुना, गावाच्या जमीनदाराच्या, म्हणजे मालगुजाराच्या आजोबांनी बांधलेला. मालगुजारी होती तोवर दर उन्हाळ्यात पाळीवर माती पडायची. मालगुजारी गेली आणि पाळ कोणाची हा प्रश्न निघाला. मालगुजार म्हणाले सरकारची. सरकार म्हणालं चौकशी चालू आहे. मधल्या काळात खेकड्यांनी ती आपली मानली आणि आतून घरं बांधली.

ज्येष्ठात नायब तहसीलदार साहेब जीपमधून आले. पाळीवर चढले, एका बिळात काठी घातली. काठी पूर्ण आत गेली आणि परत आली नाही. साहेब तिथूनच चावडीवर आले आणि म्हणाले, "पाळीचं काम मंजूर होईल तेव्हा होईल. तोपर्यंत एक योजना करा. इशारा झाला की सगळं गाव टेकडीवर गेलं पाहिजे. पोळ्याच्या आधी मी येऊन तालीम बघणार."

टेकडीवर महादेवाचं देऊळ आहे आणि देवळापुढे पत्र्याचा मोठा मंडप. जागा चांगली. प्रश्न होता योजना कोण करणार हा. आमचे सरपंच भैयाजी. ते सरपंच नावाला, खरे दंडारीचे मालक. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं नाटक. गाणं, नाच, सोंग, सगळं त्यात आलं. भैयाजींच्या घरी पंचायतीचा एक कागद सापडायचा नाही, पण राजाच्या मुकुटाचा एक मणी हरवत नसे. ते साहेबांना म्हणाले, "आमचे खेमराजबाबू रेल्वेतले हायेत जी. गाडी सुटायच्या वक्ती मानसं कशी हलवाची, त्याइले बरोबर मालूम."

मी मालधक्क्यावर होतो, फलाटावर नव्हे, हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण साहेबांनी माझ्याकडे आदरानं बघितलं. तसं कोणी बघून बरेच दिवस झाले होते. मी तोंड मिटलं.

दुसरंही एक कारण होतं. त्या माघात माझी बायको प्रेमिला गेली. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही, मला ते लिहिता येत नाही. घर रिकामं होतं आणि दिवस लांब होते. एक स्टोव्ह होता, त्यावर मी भात करून खायचो. तिची मातीची चूल कोपऱ्यात तशीच होती. दुखणं यायच्या जरा आधी तिनं ती लिपली होती, आणि तिच्या बोटांच्या रेघा मातीवर तशाच वाळल्या होत्या. शेजारची रुख्मा येता-जाता मला म्हणायची, "बाबूजी, चूल पेटवत जा जी. बिनपेटली चूल ओल धरते अना फुटते." मी म्हणायचो, धुराचा त्रास होतो. रुख्मा आणि प्रेमिला रोज एकमेकींच्या ओट्यावर बसायच्या, तिला सगळं माहीत होतं.

तर योजना. पहिल्यांदा इशारा पाहिजे. मी तहसिलीत भोंगा मागितला. उत्तर आलं की भोंगा लोकसंख्या पाहून मिळतो, दाखला जोडा. दाखला जोडला. उत्तर आलं की दाखला जुन्या राज्याच्या नमुन्यावर आहे. नव्या राज्याचा नमुना कुठे मिळतो असं विचारलं, तर उत्तर आलं नाही. शेवटी रुख्माच्या नवऱ्यानं, उदारामनं, मोडक्या बैलबंडीच्या चाकाची लोखंडी धाव दिली.

"पन धाव माही हाय," तो म्हणाला. "पानी नाई आलं तं वापस पायजे."

"आणि आलं तर?"

"आलं तं मंग काय, धाव अना मी दोघंबी वाहून जाऊ."

धाव चावडीपुढच्या निंबाला टांगली. हातोड्यानं मारली की आवाज खणखणीत. इतका खणखणीत की लोकांना आवडला. गुराखी गुरं गोळा करायला वाजवू लागले. भजनाला माणसं जमेनात की कोणी तरी वाजवायचं. भैयाजींच्या घरून चहा आला की कोतवाल कवडू वाजवायचा. मी पाटी लावली, 'जिवावर बेतल्याशिवाय वाजवू नये.' दुसऱ्या दिवशी वाजली म्हणून धावत गेलो, तर कवडू म्हणाला, "जी, चाय थंडी होऊन राहिली होती."

मग वाट. टेकडीला दोन वाटा. एक गल्ली, पानठेल्यावरून जाणारी, अरुंद. दुसरी रुंद, सरळ, बंडी जाईल अशी, पण मसणवट्यावरून जाते. मी सभेत सांगितलं की खालच्या मोहल्ल्यानं रुंद वाट घ्यावी. मग शामकला आजी उठल्या. त्या गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या, सर्वांच्या आजी. म्हणाल्या, "जित्ता मानूस त्या वाटेनं कायले जाइल रे बाबू? पाय पुढं करून जाची वाट हाय ते. तू जा. तुले रेल्वेची सवय हाय."

रेल्वेचा आणि मसणवट्याचा काय संबंध, ते मला आजवर कळलं नाही. पण सभेला कळलं. सगळे हो म्हणाले.

पहिली तालीम झाली तेव्हा नायब साहेब हजर होते. ते आणि मी टेकडीवर देवळाच्या पायरीवर उभे. मी हातात शिट्टी घेतली होती. ती कशाला घेतली ते सांगता येणार नाही. खाली कवडूनं धाव वाजवली. सगळ्या घरांतून माणसं बाहेर पडली. बायका, पोरं, म्हातारे, सगळे पळत सुटले. माझी छाती भरून आली. साहेब म्हणाले, "वा, खेमराजबाबू."

मग माणसं डावीकडे वळली. टेकडी उजवीकडे होती.

पानी आलं म्हणतात तर बघू तरी किती आलं, म्हणून अख्खं गाव पाळीवर जाऊन उभं राहिलं. ज्या पाळीपासून पळायचं होतं, तिच्यावर. पोरांना खांद्यावर घेऊन दाखवत होते. सगळ्यांत पुढे कवडू, हातात हातोडा. एवढ्या वजनानं पाळ एका जागी थोडी खचली, ती तालमीच्या आधी खचलेली नव्हती.

टेकडीवर साहेब, मी आणि महादेव. साहेबांनी एकदा पाळीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "ती शिट्टी वाजवता का जरा?" मी वाजवली. पाळीवरच्या लोकांनी आमच्याकडे हात हलवले.

घरी आल्यावर सवयीनं दारातूनच बोललो, "ऐकलं का, काय झालं आज." मग स्टोव्हला पंप मारला.

दुसऱ्या तालमीच्या आधी मी घरोघर फिरलो. पाळीवर जायचं नाही, हे सगळ्यांकडून वदवून घेतलं. धाव वाजली. पाळीवर कोणी गेलं नाही. टेकडीवरही कोणी गेलं नाही. सगळे आपापल्या दारात उभे.

"तुमी निंगाले का जी?"

"तुमी निंगा, आमी येतोच."

खालचा मोहल्ला उदारामकडे बघत होता. उदाराम काही बावळट नाही, तो निघाला की निघू. उदाराम भैयाजींच्या घराकडे बघत होता. आणि भैयाजी ओसरीवर दाढी करून घेत होते, अर्ध्या गालाला साबण. त्यांना बघून गावानं ठरवलं की अजून वेळ आहे. मी ओरडून ओरडून घसा बसवला तेव्हा गाव निघालं, आणि निघालं ते घर घेऊन निघालं. कोणी जातं घेतलं. कोणी तुळशीची कुंडी. उदारामनं घराची सागवानी दारं बिजागरीतून उचलून डोक्यावर घेतली होती. एक स्वतःच्या, एक रुख्माच्या डोक्यावर.

"अरे, दार कशाला?"

"बाबूजी, पुराच्या पान्यात चोर नाई येत का?"

"दारच काढून आणलं तर घर उघडं नाही का पडलं?"

"घर उघडं पडलं, पन दार तं वाचलं," उदाराम म्हणाला. बाकीच्यांना ते पटलं.

शामकला आजींनी टोपली आणली होती. टोपलीत खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली. कोंबडी उठेल म्हणून आजी एक पाऊल टाकून थांबत होत्या. गल्ली अरुंद. आजींच्या मागे जातं, जात्यामागे दारं, दारांमागे गाव. आजींना पुढे कसं घालायचं? कोणी 'आजी, लवकर' म्हणालं की आजी म्हणायच्या, "हव रे बापा, बसली हाय ते." बाजूची रुंद वाट मोकळी पडली होती. तिच्यावर एक कुत्रं झोपलं होतं.

त्या संध्याकाळी मी चावडीवर चांगला तापलो. म्हणालो, "जीव घेऊन या, घर घेऊन येऊ नका! जड वस्तू कोणी आणायची नाही. माती, लाकूड, दगड, काही नाही. ते परत मिळतं!" सगळे खाली मान घालून ऐकत होते. रुख्मा तेवढी माझ्याकडे बघत होती.

मग पोळा जवळ आला आणि पाऊस लागला. आमच्याकडे पाऊस नवा नाही. धान पावसावरच होतो. पण हा थांबेना. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी कवडू भिजून चिंब होऊन माझ्या दारात आला. त्याच्या तोंडावर नेहमीचं हसू नव्हतं. "बाबूजी, जिथं आपन सारे उभे होतो ना, तिथून पानी येऊन राहिलं. गढूळ."

स्वच्छ पाणी पाझरलं तर चालतं. गढूळ आलं म्हणजे माती निघाली. मी त्याला आधी सरपंचांना सांगायला पाठवलं, कारण योजनेत तसं होतं. मग त्यानं धाव वाजवली. चांगली वाजवली, हातोड्याचा दांडा मोडेपर्यंत.

कोणी बाहेर आलं नाही.

मी धावत निघालो. पहिल्या घरात पोळ्याच्या करंज्या चालू होत्या. "तालीम आज कायची जी? सन हाय उद्या." दुसऱ्या घरात विचारलं, "साहेब आले का?" मी म्हणालो, नाही आले. "मंग साहेब आल्यावर सांगजा ना जी." मी म्हणालो, ही तालीम नाही, खरं आहे. त्यावर ते घरचे हसले. म्हणाले, मागच्या वक्तीबी तुमी असंच म्हनत होते. आणि ते खोटं नव्हतं. लोकांनी तालीम खरी समजून करावी म्हणून मी तसं म्हणालो होतो.

उदाराम बैलांची शिंगं रंगवत बसला होता. "दिसल ना जी पानी, आलं तं," तो म्हणाला. माझा सदरा अंगाला चिकटला होता. मी गल्लीत उभा राहून रडकुंडीला आलो. एवढी माणसं, आणि मला एक पोतं हलवता येईना.

तेवढ्यात टेकडीवरून ढोलकी ऐकू आली.

झालं असं की कवडूनं सांगितल्याबरोबर भैयाजींनी आपली बंडी जुंपली. सरपंच म्हणून त्यांनी गावाचं काय केलं ते विचारू नका. दंडारीचं सगळं सामान, मुकुट, पेटी, ढोलकी, साड्या, बंडीत भरून ते टेकडीवर पोचले होते. पोचल्यावर त्यांना काळजी वाटली की ढोलकीची पुडी ओलीनं सैल झाली की काय. म्हणून त्यांनी ती वाजवून बघितली. ओल लागली नव्हती.

खालच्या मोहल्ल्यात उदारामचा हात बैलाच्या शिंगावर थांबला. "दंडार?"

"आता? सनाच्या आदल्या दिवशी?" रुख्मा आतून म्हणाली.

"साहेब आला असल! भैयाजी म्हनत नव्हता का, साहेबाले एक डाव दंडार दाखवीन म्हनून!"

भैयाजी तसं गावभर म्हणत होते, हे खरं. गल्लीच्या त्या टोकाला कोणी तरी ओरडलं, "दंडार! जागा जाइल वो!" आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ते लिहितो. गाव निघालं. चुली विझवून, करंज्या फडक्यात बांधून, पोरं काखेला मारून, चटया घेऊन निघालं. आमच्याकडे दंडारीला चटई आधी जाते. चटई अंथरली की जागा आपली. पुढची जागा गेली तर पहाटेपर्यंत कोणाच्या तरी पाठीकडे बघत बसावं लागतं. कोणी जातं घेतलं नाही, कोणी दार काढलं नाही. हात चटईला पाहिजे होते. गल्ली भरली तेव्हा मागच्यांनी एकदा गल्लीकडे बघितलं, एकदा मसणवट्याच्या वाटेकडे बघितलं, आणि जित्ती माणसं त्या वाटेनं पळत सुटली. सगळ्यांच्या पुढे शामकला आजी. त्यांच्या काखेत कोंबडी होती, अंडी नव्हती.

माझी योजना इतकी चांगली पार पडली, आणि तिच्यात माझा काही हात नव्हता. हे दुःख मी तिथं उभ्याउभ्या बाजूला ठेवलं. योजनेप्रमाणे शेवटी घरं तपासायचं काम माझं होतं. एकेका दारात वाकून हाक मारली. कोणी नव्हतं. गल्लीत पाणी आलं होतं, पावलं बुडतील इतकं. शेवटचं घर माझं. आत कोणी नाही हे मला माहीत होतं. तरी गेलो.

छत्री घ्यायला गेलो, असं मी नंतर सांगितलं.

चूल कोपऱ्यात होती. उंबरठ्यावरून पाण्याची एक बारीक धार आत येत होती आणि तिच्याकडे चालली होती. कच्ची माती, भाजलेली नाही. पाणी लागलं की चूल उरणार नाही, चिखल उरेल. मी धारेपुढे स्वयंपाकाचा पाट आडवा लावला. धार वळसा घालून आली. मग खुरपं घेतलं आणि चुलीच्या बुडाशी खणायला लागलो. नीट खणावं लागत होतं, घाई केली असती तर ती दुभंगली असती. पाळ, गाव, कशाचंही भान मला राहिलं नाही.

टेकडीवर काय झालं ते मला नंतर कळलं. सगळ्यांनी चटया अंथरल्या, साहेब कुठंच दिसेना, आणि भैयाजींनी खरं काय ते सांगितलं. तेव्हा रुख्मानं आपल्या बाजूला बघितलं. मंडपाच्या कडेच्या खांबाशी तिची जागा, आणि तिच्याशेजारी प्रेमिलाची. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिनं तेवढी जागा सोडून चटई टाकली होती. प्रेमिला दंडारीला आधी जाऊन जागा धरायची. मी मागून जायचो, बसायचो आणि सुरुवातीचा गण संपायच्या आत झोपायचो. ती मला कोपरानं ढोसायची आणि मी म्हणायचो, झोपलो नाही, डोळे मिटून ऐकतो आहे. ती जागा रिकामी बघून रुख्मा उदारामला म्हणाली, "बाबूजी कोठी हायेत? जा, घेऊन या त्याइले."

उदाराम आला तेव्हा गल्लीत पाणी घोट्यापर्यंत होतं. दारात उभा राहून त्यानं माझ्याकडे बघितलं, खुरप्याकडे बघितलं, चुलीकडे बघितलं.

"बाबूजी, जड सामान आनाचं नाई, असं कोन म्हनत होता?"

मी खणत राहिलो.

"माती, लाकूड, गोटा, काई नाई. वापस भेटते, म्हने."

"उदाराम, तू जा."

"मी कायले जाऊ? रुख्मा माले घरात घेनार नाई." तो खाली बसला आणि चुलीच्या मागे हात घातला. "हालवा हरू. अरे, हरू ना जी! अशी फुटल ते."

चूल सुटली, पण हातानं उचलून न्यायची कशी? वाकली की फुटेल. उदाराम उठला, आपल्या घरी गेला आणि दार घेऊन आला. तालमीमुळे त्याला ते बिजागरीतून चटकन काढता येत होतं. आम्ही चूल दारावर ठेवली. मी छत्री उघडली आणि तिची मूठ चुलीच्या तोंडात खोचली. पुढे उदाराम, मागे मी, दार खांद्यावर. गल्लीत पाणी होतं म्हणून आम्ही मसणवट्याची वाट धरली.

टेकडीवरून लोकांनी काय बघितलं ते बघा. भर पावसात दोन माणसं मसणवट्याच्या वाटेनं फळी घेऊन येत आहेत, फळीवर काही तरी आहे, आणि त्यावर छत्री धरली आहे. मंडपात एकच रडणं उठलं.

"कोन गेलं वो बाई?"

"गावात कोन राहिलं होतं? बाबूजी अना उदाराम!"

रुख्मानं छाती बडवून घेतली. मग आम्ही जरा जवळ आलो. शामकला आजींची नजर लांबचं चांगलं बघते. त्या म्हणाल्या, "थांब वो, रडू नको. उदाराम पुढं हाय. बाबू मांगं हाय. दोघंबी चालून राहिले." मग त्या थांबल्या. "मंग फरीवर कोन हाय?"

रडणं सोडून सगळं गाव मंडपाच्या कडेला आलं. त्यांच्यामधून आम्ही मंडपात आलो आणि दार खाली ठेवलं. लोक छत्रीखाली वाकून बघू लागले. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. चावडीवर तावातावानं बोललेला माणूस मी, आणि दारावर चूल घेऊन आलो होतो. एका बाजूच्या रेघा पावसानं पुसल्या होत्या. दुसऱ्या बाजूच्या होत्या.

कोणी हसलं नाही. कवडू हसणार होता, त्याला आजींनी कोंबडीसकट कोपर मारलं. रुख्मा पुढे आली, पदरानं चुलीवरचं पाणी टिपलं आणि म्हणाली, "इथं ठेवा. खांबापाशी. जागा ठेवली हाय."

त्याच वेळी खाली पाळ गेली. आवाज मोठा नव्हता. भाताचं पोतं वाघिणीतून धक्क्यावर पडतं तसा. मग पाणी खालच्या मोहल्ल्यात शिरताना दिसलं. माझी भिंत बसली, उदारामचं न्हाणीघर गेलं, निंबाची धाव हलून एकदा वाजली. भैयाजींनी माना मोजायला सांगितल्या. घरोघरच्या बायांनी आपापली माणसं मोजली. गावातलं एकही माणूस खाली नव्हतं. उदारामचे बैलही लोकांमागून आले होते, एक शिंग रंगवलेलं, एक कोरं.

पोरं भुकेनं कुरकुरू लागली. करंज्या केव्हाच संपल्या होत्या. देवळात तांदूळ होता, भांडी होती, देवाच्या पूजेची कोरडी लाकडं होती. पण भिजलेल्या जमिनीवर तीन दगड मांडून आग धरेना. बायांनी दोनदा मांडले, दोनदा विझले. सगळ्यांच्या मनात काय आहे ते मला दिसत होतं, पण कोणी माझ्याकडे बघेना. शेवटी रुख्मा आली आणि माझ्यापुढे बसली.

"बाबूजी, पेटवू का जी?"

ती वाट बघत बसली. मागे पोरं रडत होती.

"डाव्या अंगानं पेटव," मी म्हणालो. "उजवीकडून पेटवली तर धूर मागे येतो. ती रोज सांगायची."

"मालूम हाय माले," रुख्मा म्हणाली. "मालेबी तिनंच सांगितलं होतं."

चूल पेटली. तरी धूर थोडा आलाच. एकामागून एक हंडे चढले. मिठाशिवाय भात होता, पण सगळ्यांनी खाल्ला. शामकला आजींनी कोंबडीलाही दिला. भात झाल्यावर रुख्मानं निखारे काढून पोरांजवळ नेऊन ठेवले. चूल तिथंच राहिली, खांबापाशी, गरम.

तोवर सांज झाली. खाली जायला वाट नव्हती. गाव चटयांवर बसलं होतं, समोर पेटी, ढोलकी आणि मुकुट होते, आणि पुढच्या रांगेत जागा धरून बसलेले लोक भैयाजींकडे बघत होते. भैयाजी म्हणाले, "अरे, घरं वाहून राहिली अना तुमाले दंडार पायजे?" कोणी उठलं नाही. मग भैयाजींनी मुकुट पुसला.

गण सुरू झाला. मी रुख्माच्या चटईच्या कडेला बसलो, उदाराम पलीकडे, आणि खांबाच्या बाजूला चूल. ओला सदरा तिच्या उबेनं वाळू लागला. उद्या सकाळी साहेब येतील, योजना कशी पार पडली विचारतील, त्यांना काय सांगावं, याचा मी विचार करत होतो. ढोलकी चांगली वाजत होती. केव्हा तरी माझी मान खाली गेली आणि मी त्या बाजूला कललो.

चुलीची कड बरगडीला टोचली.

"झोपलो नाही गं," मी म्हणालो. "डोळे मिटून ऐकतो आहे."

रुख्मानं ऐकलं असणार. तिनं उदारामला जरा सरकून जागा करायला सांगितलं.